धरणातून सुटलेल्या नदीकाठी

रविवार, रात्र

आज शेवटी तंबूत मुक्कामाचं परमिट काढलं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, दोन रात्री, तीन माणसं. ठिकाण: ह्यूम्स रँच, एल्व्हा नदी, ऑलिंपिक नॅशनल पार्क, अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. मोठ्या माणसाला रात्रीचे ८ डॉलर, वर बुकिंगचे ६. लेक पंधराच्या आतली, तिला काही नाही. एवढ्या पैशांत मिळते ती नदीकाठची सपाट जागा. नळ नाही, वीज नाही, तंबूपर्यंत गाडी नेणं तर नाहीच. मोबाईलला रेंज नाही. मला हेच हवं होतं.

पूर्वी गाडी व्हिस्की बेंडपर्यंत जायची आणि तिथून अडीचेक मैल चाललं की ह्यूम्स रँच. आता मॅडिसन फॉल्सपाशीच गाडी ठेवायची, कारण पुढचा रस्ता नदीने तोडला आहे. सगळं मिळून नऊएक मैल, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. नवऱ्याने नकाशा बघून विचारलं, "याहून जवळ नदी नाही का कुठली?" आहेत की. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक आहे. पण मला याच नदीकाठी झोपायचंय, आणि का ते त्याला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहून बघते आहे.

मंगळवार

आईचं लहानपण कोयनेच्या काठी गेलं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आजोबांनी घराची सागवानी चौकट उचकटून बैलगाडीत घातली. भिंती मातीच्या होत्या, त्या राहिल्या. ती चौकट आजही पनवेलजवळच्या वसाहतीतल्या घराला आहे. उंबऱ्याच्या मधोमध एक खळगा पडलाय, पायांनी झिजून झिजून. लहानपणी मी त्यात बोट फिरवत बसायचे. त्यातला किती खळगा गावातल्या पायांचा आणि किती आमच्या, हे कधी कळलं नाही.

धरण १९६४ साली पूर्ण झालं. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला, हे मी शाळेत शिकले आणि ते खरंच आहे. घरात मात्र धरणाचा विषय निघाला की आजी उठून चुलीकडे जायची.

आज फोनवर आईला एल्व्हाचं सांगितलं. या नदीवर दोन धरणं होती. खालचं १९१३ सालचं, वरचं १९२७ चं. वरचं २१० फूट उंच. माशांना वर जायला वाट ठेवली पाहिजे असा कायदा तेव्हाही होता, तरी ठेवली नाही. समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारे सामन मासे मुखापासून पाच मैलांवर येऊन भिंतीला थडकायचे. वरची नदी आणि तिला मिळणारे ओढे धरून सत्तर मैलांहून जास्त पात्र त्यांना शंभर वर्षं बंद होतं. इथल्या मूळ रहिवासी क्लॅलम लोकांचं सगळं जगणं त्या माशावर उभं होतं. ते पिढ्यान् पिढ्या सांगत राहिले, आणि सप्टेंबर २०११ मध्ये धरणं पाडायला सुरुवात झाली. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत दोन्ही गेली.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "सरकारनं बांधलेलं सरकारनंच पाडलं?"

म्हटलं, बांधलं खासगी कंपन्यांनी होतं, पण हो, सरकारनेच विकत घेऊन पाडलं.

"आन् मग गावं परत बसली का गं?"

शनिवार

चार दिवस तो प्रश्न डोक्यात आहे. तिथे आपल्यासारखी गावंच्या गावं उठवली नव्हती, पण क्लॅलम लोकांची राहती जागा त्या काठाला होती, आणि एक फार मोठी गोष्ट पाण्याखाली गेली होती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे नदीकाठच्या एका खडकात टोपलीच्या आकाराचे दोन खोल खळगे होते. निर्मात्याने तिथे माणसाला न्हाऊ घालून आशीर्वाद दिला, लोक जन्मले ते तिथे. धरण झाल्यावर ती जागा दिसेनाशी झाली. ज्यांनी ती पाहिली होती ती माणसंही गेली. उरली ती नुसती सांगोवांगी. खालचं धरण पडलं, तलाव उतरला आणि २०१२ साली तो खडक सापडला. सांगितलं होतं तसाच.

हे वाचलं तेव्हा ऑफिसमध्ये होते. उठून बाहेर जाऊन उभी राहिले. आजीसुद्धा गावच्या देवळाचं असंच सांगायची. पिंपळ कुठे, पायऱ्या किती, दीपमाळ कुठल्या अंगाला. आम्ही ऐकायचो, पण ते आता खरंच कुठेतरी आहे, पाण्याखाली का होईना आहे, असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

आईला हे उद्या सांगणार.

सोमवार

सामानाचा दिवस. तंबू हॉलमध्ये लावून पाहिला. मागच्या पावसाळी सहलीत शिवणीतून पाणी आलं होतं, तिथे सीलर लावला. दोन दिवस वाळू देणार.

अस्वलांचा मुलूख आहे, म्हणून खाणं बेअर कॅनिस्टरमध्ये. हा जाड प्लास्टिकचा डबा अस्वलाला उघडता येत नाही, आणि घट्ट आवळला तर मलाही येत नाही. पोर्ट एंजेलिसच्या पार्क ऑफिसात मिळतो. यात फक्त खाणं नाही, टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, वास येणारं सगळं जातं. तंबूत काहीच ठेवायचं नाही. म्हणजे तिघांचं दोन रात्रींचं जेवण एका डब्यात कोंबायचं आहे. माझी यादी लांबलचक होती. आईने फोनवर निम्मी खोडली. "सातूचं पीठ ने. गूळ घाल, पाणी घाल, कालव, खा. शिजवायचं न्हाई, वास न्हाई." माझ्या डोक्यात तीन वेळा स्टोव्ह पेटवायचा बेत होता. आता एकदाच, रात्री, भाजलेल्या रव्याचा उपमा. सकाळी सातू. डब्यात जागा उरली तिथे शेंगदाण्याची चिक्की गेली.

पाणी नदीचंच, पण गाळून. कितीही काचेसारखं दिसलं तरी तसंच प्यायचं नाही. शौचाला पाण्यापासून २०० फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, कागद पिशवीतून परत आणायचा. लेकीने हे ऐकून तोंड वेडंवाकडं केलं. मी तिला खुरपं दिलं आणि मागच्या अंगणात माप घेऊन खड्डा खणायला लावला. आठ इंच दिसतात त्यापेक्षा पुष्कळ खोल असतात. घामाघूम झाली, पण आता खुरपं तिच्याच सॅकमध्ये जाणार म्हणते.

गुरुवार

वाट पुन्हा नकाशावर चालले. सकाळची एडमंड्सची फेरी, अर्ध्या तासात किंग्स्टन, हूड कनाल नावाच्या खाडीवरचा तरंगता पूल, मग पोर्ट एंजेलिस. दुपारच्या आत चालायला लागलं पाहिजे.

रस्ता का तुटला ते वाचत बसले. भिंतींमागे शंभर वर्षं साचलेला गाळ, सुमारे दोन कोटी घनमीटर, मोकळा झाला आणि नदी तो घेऊन निघाली. पात्र बदलायला लागलं. मागून आलेल्या हिवाळी पुरांत काठावरचे दोन कॅम्पग्राउंड गेले, गाड्या लावून राहायचे, टेबलं-चुलींचे. मग रस्ताही. म्हणजे मला नऊ मैल चालायला लावणारी नदीच आहे. त्या गाळातून मुखाशी नवीन किनारा तयार झाला. हे कळल्यापासून ते अंतर मला जाचत नाही. नवऱ्यालाही सांगितलं. त्याने काही न बोलता स्वतःच्या सॅकमधून कॅमेऱ्याची मोठी लेन्स काढून ठेवली आणि माझी झोपायची पिशवी तिथे बसते का ते पाहिलं.

वाटेत वरच्या धरणाच्या जागी थांबायचं. तिथे दोन्ही अंगांच्या खडकाला भिंतीचे तुकडे मुद्दाम ठेवलेत आणि मधून नदी जाते. मागे तलावाचा तळ. तिथे धरणाआधी तोडलेल्या प्रचंड झाडांचे बुंधे वर आलेत, लाकूडतोड्यांनी उभं राहायला पाडलेल्या खाचांसकट. गाळावर लोकांनी रोपं लावली, बिया टाकल्या, आणि आता तिथे रान माजलंय. फोटोत पाहिलंय. मला तिथे बसायचंय थोडा वेळ.

वरच्या टप्प्यात सप्टेंबरमध्ये सामन दिसले तर दिसले. २०११ पासून या नदीत मासेमारी बंद होती. २०२३ च्या शरदात क्लॅलम लोकांनी पहिल्यांदा पुन्हा मासे धरले, आपल्या सणासाठी आणि खाण्यापुरती.

शनिवार

आईला खडकाचं सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "तसाच होता? हात लावता येतो?" त्यांच्या लोकांना येतो, म्हटलं. मग आम्ही दोघीही गप्प.

तुला तिथून काय आणू, विचारलं. दगड आणता येत नाही, पार्कातली काडीसुद्धा उचलायची नाही, हे आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "दगड काय करायचाय. आवाज आण." मला कळलं नाही. मग म्हणाली की कोयना घरामागून खळाळत जायची, रात्री त्या आवाजात झोप लागायची. पुढे एकदा धरणाच्या पाण्याकाठच्या बामणोलीला नेलं होतं कुणीतरी, होडीतून. "येवढं पाणी, पर आवाज न्हाई. मुकं पाणी." आता तो आवाज तिला आठवतही नाही म्हणाली. आठवायला गेलं की नळाचाच येतो.

फोन दोन दिवस बंद ठेवायचा असं ठरलं होतं, म्हणून चार्जर यादीत नव्हता. आज छोटी पॉवर बँक वजनकाट्यावर ठेवली: १९० ग्रॅम. पुस्तक काढलं, ती ठेवली. लेक म्हणते पहाटे करू रेकॉर्डिंग, तेव्हा वारा नसतो. आज तिने मोरीतला नळ बारीक सोडून तीन ठिकाणी फोन ठेवून पाहिला, जमिनीवर, दगडावर, टॉवेलच्या घडीवर. टॉवेलवर सगळ्यात चांगला येतो. टॉवेल यादीत आहेच.