तुम्ही विचारलंत म्हणून: शिखराला दोनशे मीटर राहिले असताना माघारी का फिरलात?

मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीक या हिमशिखराचे फोटो दाखवले की हा प्रश्न येतोच. एकदा तर लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता आला. विचारणारे बहुतेक सह्याद्रीत मुरलेले, त्यामुळे उंची, दमणूक वगैरे सांगत बसत नाही.

कारण आदल्या रात्रीचं आहे. मे महिना, चढाईआधीचा मुक्काम, लेडी लेगचा कॅम्प. साडेबाराला तंबूची चेन उघडली तर आभाळ गच्च, हवा मऊ. कापडावरून हात फिरवला, नुसता ओला झाला. एरवी तिथे कुरकुरीत पापुद्रा लागतो. मी म्हटलं, "बरंय, आज बोटं गारठणार नाहीत." या वाक्याची आजही लाज वाटते. उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ दिवसा पाझरतो आणि निरभ्र रात्री उष्णता वर निघून गेली की पुन्हा आवळतो. ढग म्हणजे त्याच्या अंगावरची गोधडी. त्या रात्री तो आवळलाच नाही.

पहाटे तीनला क्रॅम्पॉनखाली, म्हणजे बुटांना बांधलेल्या खिळ्यांखाली, कर्रर्र वाजायला हवं होतं. आमचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. गाईड दोनदा म्हणाला, "आज बर्फ जमी नहीं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सातला ढग फुटले, उगवतीच्या उतारावर ऊन आलं. खडकांखालून लाडवाएवढे गोळे सुटून घरंगळायला लागले, खाली जाईपर्यंत टोपलीएवढे होत. मूठभर बर्फ दाबला तर बोटांतून पाणी ठिबकलं. असा ओला बर्फ उतारावरून एकदम सुटू शकतो, म्हणजे हिमस्खलन. वर चाळीसेक अंशांचा उतार. जोडीदार म्हणाला, "अर्ध्या तासात पार होऊ रे." त्याची ही तिसरी खेप, आणि परतल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. मी नाही म्हटलं. तो काहीच बोलला नाही. कॅम्पपर्यंत आमच्यातला रोप ताणलेलाच होता.

दुसरी एक तुकडी मात्र वर गेली, शिखर केलं, अकराला सुखरूप परतली. उतारावरचा बर्फ सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे मी सहसा गाळतो.

वादात मी सिक्कीमच्या नथुला खिंडीचा विषय काढतो: ४ एप्रिल २०२३, भर दुपारी तिथल्या रस्त्यावर हिमस्खलन, ७ पर्यटक गेले. समोरचा गप्प होतो. पण तो उतार वेगळा, ती परिस्थिती वेगळी, हे मला कळत नाही असं नाही. शिवाय दहा वर्षांपूर्वी असाच एक उतार मी सकाळी दहाला शीळ घालत ओलांडला होता. तो तेव्हाचा मी विचारतो, "मग आता काय झालं?" आदली रात्र निरभ्र होती का, आठवत नाही. तेव्हा आभाळ बघायची सवयच नव्हती.

आणि खरं सांगायचं तर गोळे दिसायच्या आधीच माझे पाय लटपटत होते. बर्फामुळे फिरलो की पायांमुळे, हे मला नीट वेगळं करता येत नाही. पुन्हा तसाच बर्फ दिसला तरी फिरेन. बहुतेक.

जोडीदाराचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तेव्हा टीव्हीवर मॅच लागली होती. शेवटच्या ओव्हरपर्यंत आम्ही तीच बघत बसलो.