नुसता पट्टा नको, किट घ्या

साताऱ्यात आमचं मोटारींच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि काउंटरवर दिवसभर मीच असते. टायमिंगचं सामान, म्हणजे इंजिनचे आतले भाग एका मेळात फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याचं (टायमिंग बेल्टचं) सामान न्यायला आलेली माणसं बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "ताई, नुसता पट्टा द्या, बाकीचं चांगलं आहे." यावर मी प्रत्येकाशी वाद घालते.

गेल्या पावसाळ्याआधी एका निवृत्त मास्तरांच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं गेलं. जुनी डिझेल गाडी, नुकतीच घेतलेली. विकणाऱ्याने "टायमिंग केलंय" असं तोंडी सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, पट्टा खरंच नवा होता. पण आयडलर, म्हणजे पट्ट्याला वळण देणारी छोटी चाकी, जुनाच ठेवलेला. शिरवळच्या पुढे त्याचं बेअरिंग जाम झालं, पट्टा त्याच्यावर घासत घासत कडेने कुरतडला आणि तुटला. गाडी बंद पडल्यावर मदतीला आलेल्या पोरांनी चांगल्या मनाने धक्का मारला, मास्तरांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे आठच्या आठ वॉल्व्ह वाकले. मेकॅनिकने ते माझ्यासमोर ओळीने मांडले, तेव्हा मास्तर काही न बोलता एकेक उचलून बघत होते. त्यांची पेन्शन त्या हेडमध्ये गेली. वाचणार होते ते एका आयडलरचे पैसे.

असं का होतं ते समजलं की माणूस काटकसर करत नाही. पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा, आणि हा मेळ पट्टा किंवा चेन राखते. ३,००० आरपीएमला, म्हणजे क्रँकचे मिनिटाला ३,००० फेरे होताना, प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरतच राहतो. मग उघडा राहिलेला वॉल्व्ह खालून येणाऱ्या पिस्टनवर आदळतो. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. डिझेलला कॉम्प्रेशन (हवा दाबणं) जास्त लागतं म्हणून वर आलेला पिस्टन हेडला जवळजवळ टेकतो. तिथे सुटका नाही. म्हणून चालती गाडी एकदम गप्प झाली, तर पुन्हा सेल्फ मारू नका आणि धक्का तर अजिबात नको. टो करून आणा.

किटमध्ये पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि आयडलर येतो. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही त्याच वेळी बदलावा, कारण तो गळायला लागला की पट्टा भिजतो आणि तेवढ्यासाठी सगळं परत खोलावं लागतं. "बाकीचं चांगलं आहे" म्हणणाऱ्याच्या हातात मी दोन आयडलर देते, एक नवा, एक गाडीतून काढलेला. नवा बोटाने फिरवला तर जड फिरतो आणि लगेच थांबतो, आत ग्रीस भरलेलं असतं. जुना भिंगरीसारखा गरगर फिरतो. लोकांना वाटतं हाच चांगला! त्याचं ग्रीस संपलेलं असतं, कानाजवळ धरला तर बारीक खरखर येते.

दुसरा गैरसमज किलोमीटरचा. "ताई, गाडी फिरलीच नाही." पट्टा रबराचा आहे, तो उभ्या गाडीतही म्हातारा होतो. गाडीच्या पुस्तकात बहुतेक वेळा किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरायचं. पट्टा उलटा वाकवून दातांच्या मुळाशी बघा, केसासारख्या चिरा दिसतात. पण चिरा दिसत नाहीत म्हणून तो धड आहे असंही समजू नका.

आता आपल्या गाडीत पट्टा आहे की चेन, हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही. इंडिका व्हिस्टाच्या १.४ डिझेलला पट्टा, त्याच व्हिस्टाच्या १.३ क्वाड्राजेटला चेन. जुन्या आय-टेनच्या १.१ ला पट्टा, १.२ कप्पाला चेन. डस्टरच्या १.५ डिझेलला पट्टा. स्विफ्ट डिझेलवाले माझ्याकडे टायमिंग बेल्ट मागायला येतात, त्यांना मी सांगते की तुमची चेन आहे, बाहेर दिसतो तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा. काउंटरवर येताना इंजिनचा प्रकार आणि साल सांगा, नुसतं मॉडेल नको.

चेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. चेन इंजिन ऑइलमध्ये चालते आणि तिचा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर काम करतो. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन झिजून लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद खडखड ऐकू आली, तर ती ऐकून सोडून देऊ नका. फोर्डच्या १.० इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत पट्टाच ऑइलमध्ये असतो. तिथे चुकीचं ऑइल घातलं तर पट्ट्याचे कण सुटून ऑइल पंपाची जाळी चोंदते. अशा गाडीत पुस्तकात लिहिलेलंच ऑइल घाला, स्वस्त मिळालं म्हणून दुसरं नको.

काम चालू असताना गॅरेजमध्ये थांबता आलं तर थांबा. पट्टा बसवल्यावर चांगला मेकॅनिक लगेच चावी फिरवत नाही. पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो आणि क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या खुणा परत जुळतात का बघतो. फिरवताना मध्येच अडलं तर तिथेच थांबतो. घाईत हे टाळणारे पुष्कळ आहेत, तेव्हा "दादा, दोन फेरे फिरवून दाखवा" म्हणायला लाजू नका.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी "टायमिंग केलंय" ऐकलं की बिल मागा, आणि बिलावर टेन्शनर, आयडलर वेगळे लिहिलेत का वाचा. बिल नसेल तर झालेलं नाही असं धरून किटचे पैसे सौद्यातच कापून घ्या. मी हल्ली प्रत्येक किटबरोबर एक स्टिकर देते, तारीख आणि किलोमीटर लिहून बॉनेटच्या आत चिकटवायला.