घारापुरी ते सीएसएमटी: दक्षिण मुंबईचा एक दिवस

आधी वार बघा. सोमवारी घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बंद, बुधवारी राणीबाग बंद आणि रविवारी मध्य-हार्बर रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद. बाहेरगावाहून येणाऱ्यांना मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सोयीचे.

लाँच गेटवे ऑफ इंडियावरून सकाळी नऊच्या सुमारास सुटायला लागतात. पहिल्या दोन-तीन गाठल्या तरच या बेताला अर्थ आहे. अकरानंतर पायऱ्यांवरचं ऊन आणि शाळांच्या सहली एकदमच भेटतात. चर्चगेट किंवा सीएसएमटीवरून टॅक्सी पटकन मिळते. मेट्रो 3 ने आलात तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरून वीसेक मिनिटं चाल. गेटवेच्या आवारात बॅग तपासतात, त्याची रांग हिशेबात धरा. तिकीट परतीसकट काढा आणि अर्धा भाग जपून ठेवा, येताना तोच दाखवायचा असतो. वरच्या डेकवर बसायचं तर लाँचवाला थोडे वेगळे पैसे घेतो. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि नुसतं मांडीवर ठेवू नका. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर लाँचला मोठा अपघात झाला होता. समुद्रात तासभर जातो. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद, त्यामुळे जून ते ऑगस्ट हा बेत ठरवूच नये.

जेट्टीवर उतरल्या उतरल्या परतीची शेवटची लाँच किती वाजता ते विचारा. पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण ते अंतर चालण्यासारखंच. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. गुडघे दुखत असतील तर डोलीचा भाव बसण्याआधी ठरवा. तिकीट भारतीयांना 40 रुपये. ग्रामपंचायतीचा कर वेगळा, त्यासाठी सुटे ठेवा. खाऊ आणि थंड पेयाची बाटली हातात धरली की माकडं हमखास येतात. सगळं बॅगेत, चेन लावून.

बहुतेक लोक पहिल्या लेण्यात त्रिमूर्तीसमोर फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर पडतात. तासभर तरी द्या. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. खांबाशी पाचेक मिनिटं नुसते थांबा, मग दक्षिणेच्या भिंतीवरचा साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा सदाशिव, म्हणजे हीच त्रिमूर्ती, हळूहळू उलगडतो. तुमच्या डाव्या हाताचा चेहरा मिशीवाला, उग्र, तो भैरव. उजवीकडचा सौम्य, हातात कमळ. डावीकडच्या चौकटीत अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. चार दारांचं लिंगाचं गर्भगृह पश्चिमेच्या अंगाला आहे, तिथले द्वारपाल चुकवू नका.

बेटाला एलिफंटा नाव ज्या दगडी हत्तीमुळे पडलं, तो मात्र इथे शोधू नका. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला. सांधलेला हत्ती भायखळ्याला राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. दुसरा दिवस हाताशी असेल तर तिकडे जा.

दोन-अडीचला गेटवेवर परत. 1924 मध्ये खुल्या झालेल्या या कमानीला दहा मिनिटं पुरतात. जेवण कुलाब्यात उरका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आज नकोच. त्याला किमान दोन तास लागतात आणि लेण्यांनंतर पाय साथ देत नाहीत. त्याऐवजी चार-साडेचारला ओव्हल मैदान. उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर पश्चिमेकडे तोंड करून असल्याने उतरतं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. सकाळी हीच दर्शनी बाजू सावलीत असते. पाठीमागे वळलात की आर्ट डेको इमारतींची रांग. 2018 साली दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या. मैदानात एकाच वेळी अनेक सामने चालू असतात, चेंडूवर लक्ष ठेवा.

तिथून फ्लोरा फाउंटनवरून सीएसएमटी, सगळं पायी. महापालिकेच्या मुख्यालयाच्या बाजूला उभं राहिलं की स्थानक पूर्ण दिसतं. दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्याच. अंधार पडला की दिवे लागतात. आत लोकलच्या तिकीट खिडक्यांचा स्टार चेंबर आहे. रांगेत उभी असलेली माणसं इंडिकेटर बघतात, छतावरच्या चांदण्यांकडे कोणी बघत नाही. तुम्ही बघा, पण वाटेतून बाजूला होऊन. संध्याकाळी सहा ते आठच्या वेळेत गाड्या तुडुंब असतात. स्थानक सुरुवातीचं असल्याने एखादी गाडी सोडलीत तर पुढच्या गाडीत बसायला जागा मिळायची शक्यता असते. मात्र ती फलाटाला लागायच्या आधीच दाराच्या जागी उभं राहायला हवं.