पिट्सबर्गचा रेडिओ आणि शनिवारची जुनी गाणी

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातले पिट्सबर्ग आपल्याकडे माहीत असते ते पोलादाचे शहर म्हणून आणि अलीकडे येथील विद्यापीठांमुळे. या शहराची आणखी एक ओळख आहे, आणि ती मला एका रेडिओ कार्यक्रमाने करून दिली. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका लहानशा केंद्रावरून तो दर शनिवारी संध्याकाळी लागतो. उमेदीची सगळी वर्षे रेडिओत घालवलेले एक वयोवृद्ध निवेदक १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या ध्वनिमुद्रिका लावतात आणि दोन गाण्यांच्या मधल्या जागेत या शहरातल्या रेडिओचा इतिहास सांगतात. त्यांची निवड देशभर गाजलेल्या गाण्यांची नसते, तर पिट्सबर्गने ज्या गाण्यांवर जीव लावला त्या गाण्यांची असते. या फरकातच सगळ्या कार्यक्रमाचे सार आहे, असे मला वाटते.

इतिहास सुरू होतो एका गॅरेजमध्ये. फ्रँक कॉनरॅड हे वेस्टिंगहाउस या विजेची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होते आणि शहराला लागून असलेल्या विल्किन्सबर्ग गावात घरामागच्या गॅरेजच्या माडीवर त्यांनी ‘८एक्सके’ नावाचे हौशी बिनतारी केंद्र थाटले होते. १९१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी बोलण्याऐवजी ध्वनिक्षेपकासमोर ग्रामोफोन ठेवला, आणि आसपासच्या ज्या हौशी मंडळींनी स्वतःच्या हातांनी संच जोडले होते, त्यांच्याकडून अमुक गाणे लावा, तमुक वेळी लावा, अशा मागण्या येऊ लागल्या. घरातल्या तबकड्या संपल्यावर गावातल्या एका दुकानदाराने आपल्याकडच्या तबकड्या उसन्या द्यायचे कबूल केले. त्याच्या दुकानाचे नाव प्रक्षेपणात घ्यावे, एवढीच त्याची अट होती. ज्या गाण्यांचे प्रक्षेपण होई, त्यांच्या तबकड्या दुकानात अधिक खपतात, हेही लवकरच ध्यानात आले. फर्माईश, गाणी आणि जाहिरात या पुढच्या शंभर वर्षांच्या रेडिओच्या तिन्ही गोष्टी त्या माडीवर अशा सहज एकत्र आल्या होत्या, याचे मला फार अप्रूप वाटते.

१९२० च्या सप्टेंबरात शहरातल्या जोसेफ हॉर्न या मोठ्या दुकानाने कॉनरॅड यांची गाणी ऐकण्यासाठी तयार बिनतारी संच विकण्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिली. किंमत दहा डॉलरपासून पुढे. ती जाहिरात वेस्टिंगहाउसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांच्या पाहण्यात आली. बिनतारी यंत्रणेकडे तोवर एका माणसाने दुसऱ्याशी गुप्तपणे संपर्क साधण्याचे साधन म्हणून पाहिले जात असे, आणि कोणीही ऐकू शकतो हा तिचा दोष मानला जात असे. डेव्हिस यांना तोच गुण दिसला. रोज ठरलेल्या वेळी काही ऐकवले, तर घरोघरी संच विकता येतील, हा त्यांचा हिशोब होता. हिशोब व्यापाराचाच होता, पण त्यातून जे उभे राहिले ते व्यापारापेक्षा कितीतरी मोठे ठरले.

२ नोव्हेंबर १९२० रोजी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री, ईस्ट पिट्सबर्ग येथील कारखान्याच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या खोपटातून ‘केडीकेए’ या केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. प्रक्षेपकाची शक्ती अवघी १०० वॅट होती. मतमोजणीचे आकडे एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून दूरध्वनीने येत आणि लिओ रोझेनबर्ग ते वाचून दाखवत. वॉरन हार्डिंग यांनी जेम्स कॉक्स यांचा पराभव केल्याचे थोड्याच लोकांना त्या रात्री घरबसल्या कळले. बाकीच्यांना सकाळच्या अंकापर्यंत थांबावे लागले. आकड्यांच्या मधून मधून रोझेनबर्ग श्रोत्यांना विनंती करत होते, की जो कोणी हे ऐकत असेल त्याने आम्हांला कळवावे, कारण आवाज कुठवर आणि कसा पोहोचतो आहे हे जाणून घेण्याची आम्हांला उत्सुकता आहे. आपला आवाज कोणाच्या कानी पडतो आहे की नाही, याची काहीच खात्री नसताना माणसे रात्रभर बोलत राहिली, ही गोष्ट मला त्या निवडणुकीच्या निकालापेक्षा अधिक थक्क करते.

‘जगातले पहिले’ या बिरुदावर मात्र वाद आहे. डेट्रॉइटचे एक केंद्र १९२० च्या ऑगस्टमध्येच सुरू झाले होते, आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथे चार्ल्स हेरल्ड त्याही आधीपासून प्रयोग करत होते. आमचे निवेदक हे दावे लपवत नाहीत. व्यापारी परवाना घेऊन, आधी जाहीर करून, नियमित प्रक्षेपणाची परंपरा येथे सुरू झाली, एवढेच ते म्हणतात, आणि गावाचा अभिमान असूनही त्यांनी ही मर्यादा पाळावी, याचे मोल मला मोठे वाटते. १९२२ संपेपर्यंत अमेरिकेत पाचशेहून अधिक केंद्रे झाली होती. आपल्याकडे मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेही खासगी कंपनीचेच होते. पण श्रोत्यांच्या परवाना-शुल्काच्या तुटपुंज्या उत्पन्नावर ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. अमेरिकेत जाहिरातींवर जगणारी शेकडो गावची केंद्रे आणि आपल्याकडे एक सरकारी आकाशवाणी, ही वाट तेव्हाच फुटली. म्हणून अमेरिकेत प्रत्येक शहराला स्वतःचा रेडिओ मिळाला आणि त्याबरोबर स्वतःची अशी गाणीही मिळाली.

गाण्यांकडे वळण्याआधी एका माणसाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचे समालोचन रोझी रोझवेल यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९५४ पर्यंत केले. त्या काळी परगावच्या सामन्याला समालोचकाला पाठवणे खर्चिक होते, म्हणून तो स्टुडिओतच बसे. तारेने येणाऱ्या त्रोटक नोंदींवरून त्याने सारा सामना डोळ्यांपुढे उभा करायचा असे. आपल्या संघाने चेंडू मैदानाबाहेर टोलवला, की रोझवेल ओरडत, “खिडकी उघड गं मिनीमावशी, आला बघ चेंडू!” आणि पाठोपाठ मोठा खळ्ळ आवाज होई. कुंपणापलीकडे राहणाऱ्या या काल्पनिक मावशीला खिडकीपर्यंत कधीच वेळेवर पोहोचता येत नसे. तो आवाज काढण्यासाठी नटबोल्ट आणि असलेच सटरफटर लोखंड भरलेला ट्रे साहाय्यकाने जमिनीवर टाकायचा असे, आणि १९४८ पासून हे काम बॉब प्रिन्स यांच्याकडे होते, जे पुढे १९७५ पर्यंत स्वतःच या शहराचा आवाज झाले. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ज्यांनी कानांत साठवले आहे, त्यांना मिनीमावशी परकी वाटणार नाही. कार्यक्रमात तो खळ्ळ आवाज लागतो तेव्हा फोन करणारे सत्तरी-ऐंशीचे श्रोते क्षणात मुले होतात.

आता गाणी. शहराच्या आग्नेयेला मोनोंगाहेला नदीकाठी होमस्टेड नावाचे गाव आहे. तेथला पोलाद कारखाना एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी होता. १९८६ मध्ये तो बंद पडला आणि आज त्या जागी दुकानांच्या रांगांमध्ये विटांची बारा धुराडी तेवढी उरली आहेत. या गावात १९४८ मध्ये ‘डब्ल्यूएचओडी’ हे लहान केंद्र निघाले. भट्ट्यांवर काम करणारी माणसे पूर्व युरोपातल्या कितीतरी देशांतून आलेली होती आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबेही होती, म्हणून या केंद्राने ज्याच्या त्याच्या भाषेत आणि ज्याच्या त्याच्या संगीतात कार्यक्रम सुरू केले. परक्या देशात आपल्या भाषेचा आवाज यंत्रातून ऐकू येणे म्हणजे काय, हे परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

याच केंद्रावर मेरी डी बोलू लागल्या. अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-निवेदिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला काचेतून दिसेल अशा स्टुडिओतून त्या कार्यक्रम करत. गाण्यांबरोबर वस्तीतल्या बातम्या, सभा, कोणाला मदत हवी आहे, हे सगळे त्यात असे. बातम्या सांगायला त्यांचे बंधू मॅल गूड येत. १९६२ मध्ये तेच एबीसी या राष्ट्रीय दूरचित्रवाणी जाळ्याचे पहिले कृष्णवर्णीय वार्ताहर झाले. एका लहान गावच्या केंद्रातून केवढी माणसे घडली!

त्यांचेच सहकारी होते पोर्की चेडविक. हे होमस्टेडचेच, गरीब घरातले गोरे गृहस्थ. त्या काळी कृष्णवर्णीय गायकांचे गाणे गाजू लागले, की तेच गाणे गोऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेत आणि मोठी केंद्रे ती दुसरी तबकडी वाजवत. चेडविक मूळ तबकडी लावत. कोणी विकत न घेतलेल्या, दुकानांच्या आणि वितरकांच्या फडताळांत पडून राहिलेल्या ध्वनिमुद्रिका ते शोधून आणत, त्यांवरची धूळ झटकत आणि यमके जुळवत, वेगवान, गमतीदार निवेदन करत त्या शहराला ऐकवत. गाणे चार-पाच वर्षांचे जुने असले तरी त्यांना त्याचे काही वाटत नसे. ऐकणाऱ्या मुलांसाठी ते नवेच होते. अमेरिकाभर पुढे जुन्या गाण्यांची म्हणून जी केंद्रे निघाली, त्या कल्पनेच्या मुळाशी चेडविक यांचे हे धुळीतले वेचणे आहे. १९५६ मध्ये केंद्राचे नाव ‘वामो’ झाले. अलेघेनी, मोनोंगाहेला आणि ओहायो या शहराच्या तीन नद्यांच्या आद्याक्षरांचा त्यात आधार आहे. १९६१ मध्ये चेडविक यांनी शहराच्या मध्यभागी स्टॅनले थिएटरवरून प्रक्षेपण केले, तेव्हा इतकी तरुण मुले लोटली की रहदारी कोलमडली. २०१४ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले.

हे समजल्यावर मला शनिवारची गाणी वेगळी ऐकू येऊ लागली. जुनी गाणी म्हणजे गेलेल्या काळाचा गोडवा, एवढाच अर्थ मी घरून घेऊन आलो होतो. येथे त्या गाण्यांत एक निवाडा आहे. ज्यांना पुढच्या दाराने आत घेतले जात नव्हते, त्यांचा आवाज एका पोलादी गावाने आपला मानला आणि काळ्या-गोऱ्या मुलांनी तो एकाच वेळी, आपापल्या घरांत ऐकला. त्यानंतर पिट्सबर्गमधून डेल-व्हायकिंग्ज आणि मार्सेल्स यांच्यासारखे काळे आणि गोरे गायक एकत्र असलेले संच निघाले. याला मी केवळ योगायोग मानत नाही.

शहराच्या कानाची ताकद केवढी होती, याचे उदाहरण निवेदक फार रंगून सांगतात. टॉमी जेम्स या शाळकरी मुलाने १९६४ मध्ये मिशिगन राज्यात एक गाणे ध्वनिमुद्रित केले. ते आसपासच्या गावांत थोडे चालले आणि विसरले गेले. सुमारे दीड वर्षाने त्याची एक जुनी प्रत पिट्सबर्गमधल्या नृत्याचे कार्यक्रम भरवणाऱ्या माणसाच्या हाती लागली. तिच्यावर मुले नाचली, येथील निवेदकांनी ती उचलली, मागणी इतकी वाढली की चोरून छापलेल्या प्रती हजारोंनी विकल्या गेल्या. तोवर जेम्स यांचा मूळ वादकसंच मोडलाही होता. ते एकटेच पिट्सबर्गला आले, येथीलच एक वादकसंच त्यांनी सोबत घेतला, आणि १९६६ च्या उन्हाळ्यात ते गाणे देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आज गाणी कोणती वाजवायची हे अनेक केंद्रांसाठी दूरच्या एका कचेरीत ठरते. असे अनाथ गाणे आता कोणत्या शहराला सापडेल, हे मला खरोखर सांगता येत नाही.

कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग मात्र गाण्यांचा नव्हे. जुन्या केंद्रांनी आपले प्रक्षेपण जपले नाही. बहुतेक सारे थेट असे, आणि जे फितीवर घेतले त्यावर दुसऱ्या दिवशी दुसरे काही नोंदले जाई. त्यामुळे चेडविक, मेरी डी, रोझवेल यांचे आवाज जे काही उरले आहेत, त्यांत श्रोत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर हौसेने नोंदलेल्या फितींचा वाटा मोठा आहे. मध्येच कोणाची आई हाक मारते, दार वाजते, आणि त्यामागून १९५० च्या दशकातला एक निवेदक बोलत राहतो. दर शनिवारी निवेदक विनवतात, की माळ्यावरचे खोके उघडा, आजोबांच्या फिती फेकू नका, आमच्याकडे आणून द्या. कॉनरॅड यांचे गॅरेजही असेच वाचवले गेले आहे. २००१ मध्ये ते उतरवावे लागले, तेव्हा जिव्हाळा असलेल्या मंडळींनी ते पुन्हा उभारता यावे म्हणून सामान सांभाळून ठेवले.

म्हणून घरच्या वाचकांना एक विनंती करतो. मुंबई, पुणे, नागपूर, सांगली, रत्नागिरी, कोणत्याही केंद्रावरचे ‘आपली आवड’, ‘वनिता मंडळ’, टेकाडे भावजींचे ‘पुन्हा प्रपंच’, एखादे समालोचन, एखाद्या नातेवाइकाची आकाशवाणीवर झालेली मुलाखत, असे काही आपल्या घरच्या कॅसेटवर नोंदलेले असेल, तर ते या हिवाळ्यातच बाहेर काढावे. फितीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्याने धरलेला असतो, ते दमट हवेत पाणी शोषते, फीत चिकटू लागते आणि थर सुटून येतो. कोकणात आणि मुंबईत हे अधिक लवकर घडते. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट घरच्या यंत्रात लावू नये, जाणकाराकडे द्यावी. चांगली असेल तर एकदाच, पूर्ण, मधली खरखर आणि घरातले बोलणे न कापता संगणकावर उतरवून घ्यावी, आणि केंद्राचे नाव, अंदाजे वर्ष व नोंदणाऱ्याचे नाव तिच्यासोबत लिहून ठेवावे.