घरच्या धनुष्याला परवडणारे बाण: माझा अनुभव

"पाचशेचा बाण सगळ्या धनुष्यांना चालतो, साहेब." विक्रेत्याच्या या एका वाक्यापायी सहा कार्बन बाण फोंड्याला आले आणि परत गेले, त्यात सव्वा महिना मोडला. परतीची विनंती दोनदा 'वस्तू वापरलेली आहे' म्हणून फेटाळली. वापरल्याशिवाय चूक कळणार कशी, हे तिथे कुणाला सांगता येत नाही. म्हणून आधी त्या आकड्याबद्दलच.

५०० म्हणजे स्पाईन, दांडीचा ताठपणा. दोन टेकूंमध्ये २८ इंच अंतर ठेवून मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगलं की ही दांडी अर्धा इंच, म्हणजे इंचाचे ५०० हजारांश वाकते. आकडा जितका मोठा तितकी दांडी लवचीक. इथेच निम्मे लोक उलटं धरून चालतात. माझं धनुष्य बांबूचं, २८ इंच ओढीला २५ पाऊंड. बॅग तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून ओढला तर ११.३ किलो. एवढ्याला १००० च्या आसपासचा किंवा त्याहूनही लवचीक बाण लागतो.

कारण मूठ. खेळाच्या तयार धनुष्याला मध्ये खिडकी कापलेली असते, बाण जवळपास दोरीच्या रेषेत बसतो. घरच्या धनुष्यात तो मुठीच्या कडेला टेकतो आणि सुटताना मुठीला वळसा घालून जातो. दोरीचा धक्का बसला की बाण माशासारखा वळवळतो. ती वळवळ धनुष्याच्या जोराशी जुळली तरच शेपूट मुठीला न लागता निघतं. ताठ बाण वाकतच नाही. 'टक्' असा आवाज येतो, मुठीवर पांढरट ओरखडा उठतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे. नेम सुधारत बसण्याआधी तो ओरखडा शोधा.

विक्रेत्याचा पुढचा सल्ला होता, टोक जड लावा. १०० ग्रेनऐवजी (सुमारे साडेसहा ग्रॅम) १५० चं टोक लावलं आणि दांडी न कापता पूर्ण लांब ठेवली तर बाण मऊ वागतो हे खरं, पण त्याने ५०० चा १००० होत नाही. ८०० चा बाण हाती असेल तर ही युक्ती करून बघावी.

ताठपणा घरीच मोजता येतो, आणि हे आधी केलं असतं तर पार्सलची भानगडच नव्हती. दोन खिळे ६६० मिमी अंतरावर ठोका, त्यांवर दांडी आडवी ठेवा. एक लिटरच्या बाटलीत दोरीसकट वजन ९०७ ग्रॅम, म्हणजे दोन पाऊंड, होईल इतकं पाणी भरा आणि ती बरोबर मध्यावर टांगा. दांडी जितके मिमी खाली येईल त्याने ६६० ला भागा; लाकडी बाणांचा पाऊंडांतला स्पाईन मिळतो. ही मोजणी वेगळी, इथे आकडा मोठा तितकी दांडी ताठ. ते ५०० चे कार्बन बाण साडेदहा मिमी वाकले, म्हणजे ६३ पाऊंड. माझ्या धनुष्याला हवे २५ ते ३०, म्हणजे २२ ते २६ मिमी वाक.

शेवटी बांबूच. माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून बरा. पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या, नाहीतर भुंगा पीठ पाडतो. आठ मिमीच्या गोल काठ्या काढल्या. त्या अठरा मिमी वाकल्या, म्हणजे ३७ पाऊंड. कानशीने नव्हे, सँडपेपरनेच उतरवा. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो: साडेसात मिमीवर आणलं की वाक तेवीसवर जातो, अर्ध्या मिमीत जवळपास चौथा हिस्सा ताकद गेली. वाकडी काठी गॅसवर गरम करून थोडी उलट दिशेला वाकवायची आणि गार होईपर्यंत तशीच धरायची.

वजनाचं राहिलं. पाऊंडाला किमान दहा ग्रेन, म्हणजे २५ पाऊंडांना २५० ग्रेन किंवा सोळा ग्रॅम. त्याहून हलका बाण म्हणजे रिकामी दोरी सोडल्यासारखंच, घरचं धनुष्य तडकतं. बांबूचा बाण सहज वीसच्या वर भरतो. टोकाला चार मिमी जाड, पाच सेंमी लांब खिळा, डोकं कापून, तीन सेंमी आत. वरून दोरा आणि इपॉक्सी. साधा पांढरा गोंद इथल्या दमट हवेत सुटतो. दोरी बसते त्या मागच्या खाचेखालीही दोऱ्याचे वेढे हवेतच, नाहीतर दांडी उभी चिरते. कार्बन वा फायबरग्लास वापरलात तर प्रत्येक वेळी दांडी वाकवून, कानाशी धरून ऐका; करकरली तर ती फेकूनच द्या, हातात शिरते.

हातावर टेकवून सोडायच्या बाणाच्या शेपटाला प्लास्टिकची पाती लावू नका, मुठीवर आपटून बाण उडवतात. पिसं दबतात आणि निघून जातात. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत. आणि चिऱ्याच्या गडग्यासमोर सराव नको, एका चुकीत टोकही जातं आणि दांडीही. गोणीत जुने कपडे ठासून भरा.

जूनमध्ये हवा दमट झाली की बाटली टांगून वाक पुन्हा मोजा. पॉलिश असूनही माझ्या दोन बाणांचा वाक चोवीस मिमीवरून सत्तावीसवर गेला होता.