आमची वाटचाल : तीन डबे आणि एक पोतं

कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतनं बटवे, पिशव्या शिवायचा आमचा धंदा एका ब्लाऊजच्या गळ्यातनं निघाला असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं काहीतरी गंमत करतेय, पण खरंच तसंय. २०१४ साली मी सांगलीत घरीच ब्लाऊज शिवायची, एक जुनं टेलर मॉडेल मशीन, पायानं चालवायचं, बस. साडीबरोबरचा ब्लाऊजपीस असतो साधारण ८० सेंटीमीटरचा, त्यातनं पाठ, पुढं, बाह्या, पट्ट्या निघाल्या की मागं काय उरतं ते शिवणाऱ्या बाईला पाठ असतं, मुंढ्याजवळची दोन तिकोनी टोकं, काठाची एखादी लांब पट्टी, आणि गळा खोल सांगितला असेल तर तो अर्धगोल. टोकं टाकून देता येतात. अर्धगोल टाकवत नाही. त्यातही तो खणाचा असला, जांभळ्यावर बारीक बुट्टी, कडेला लाल, तर हात जातच नाही केराच्या डब्याकडं.

गिऱ्हाईकाला विचारलं तर म्हणायच्या, राहू दे गं तुलाच, मी काय करू. असं करत करत दोन वर्षांत माझ्याकडं तांदळाची दोन पोती भरून तुकडे झाले. आमचे हे म्हणायचे एक तर हे काढ नाहीतर मला तरी काढ.

तर पहिली चूक सांगते, कारण ही सगळेच करतात. मी आधी वस्तू ठरवायची आणि मग पोत्यात हात घालून तुकडा शोधायची. बटवा करायचाय, मग बटव्याएवढं कापड शोध, मिळालं की त्याला जोडीचं शोध, ते मिळेना, मग अख्खं पोतं पलंगावर उपडं, संध्याकाळपर्यंत बटवा एक आणि पसारा खोलीभर. दुसरी चूक, रंगाप्रमाणं लावून ठेवायचे. दिसायला फार छान दिसतं, लाल इकडं हिरवा तिकडं, पण कामाच्या वेळी लालमध्ये हातभर पण निघतो आणि नखाएवढा पण, उपयोग शून्य.

आता आमच्याकडं तीन डबे आणि एक पोतं असतं आणि वाटणी फक्त मापावर. पहिल्या डब्यात हातरुमालाएवढे आणि त्याच्या वरचे, यातनं बटवा, बाळाची कुंची, चष्म्याचं घर, झालंच तर पिशवीचा दर्शनी भाग. दुसऱ्यात तळहाताएवढे, हे एकटे कशाला पुरत नाहीत पण दोन जोडले की टोपडं होतं, बाळकृष्णाचं वस्त्र होतं, कपाखाली ठेवायच्या चकत्या होतात. तिसऱ्यात पट्ट्या, मग त्या किती का अरुंद असेनात, दोन बोटं रुंदी असली की तोरणात जाते, बांधायचे बंद होतात, आसनाची कड होते. आणि उरला तो चुरा पोत्यात, त्यातनं कापडी बटणं, राख्या, आणि त्यातही जे उरतं ते टाचण्यांच्या उशीत भरायला. डबा उघडायचा, वरचा तुकडा घ्यायचा, आणि हा कशाला पुरेल एवढंच विचारायचं. तुकडा सांगेल ती वस्तू. सोपं वाटतं पण मला हे कळायला दोन वर्षं गेली.

दुकान घेतलं २०१७ मध्ये, गाळा म्हणजे दहा बाय बारा, सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु लोन, म्हणजे छोट्या धंद्याचं कर्ज, काढलं, ते ५० हजारांपर्यंत मिळतं, त्यातनं एक जुकी कंपनीचं शिलाई मशीन घेतलं सेकंडहँड आणि एक कटिंग टेबल. मग जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी लागली आणि अचानक ज्या बायका कापडी पिशवी म्हटलं की नाक मुरडायच्या त्या विचारायला लागल्या. आम्हाला चांगलं गेलं ते वर्ष. तोवर गावातल्या टेलरांकडनं तुकडे फुकट आणत होतो, पण आमच्या पिशव्या त्यांनी बघितल्या आणि तुकडे किलोवर गेले 😄 चिंधीला भाव आणला तो आम्हीच, तक्रार कुणाकडं करणार.

त्याच सुमारास मी व्हिडिओ बघून पाच इंची चौकोन कापून गोधडी करायला गेले. हिशोब असा की चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत गेलं की चौकोन साडेचार इंचाचा राहतो, दहा गुणिले दहा लावले की पंचेचाळीस इंच. कागदावर बरोबर. पण शिलाई थोडी जरी इकडंतिकडं झाली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग समजा, तर ती चौकोनाच्या दोन्ही बाजूंना होते, आणि दहा चौकोनांच्या ओळीत सव्वा इंचाचा फरक पडतो. माझ्या एका ओळीत पडला, शेजारच्या ओळीत नाही पडला, आणि गोधडी जत्रेतल्या पाळण्यासारखी एका बाजूनं वर गेली. आमच्याकडं वाकळ शिवणाऱ्या एक मावशी यायच्या, त्या बघून एवढ्या हसल्या की विचारू नका. म्हणाल्या अगं चांगला तुकडा कापून चौकोन कशाला केलास, त्याला आधीच आकार आहे की. त्या खाली जुनं लुगडं अंथरायच्या, कडेपासनं सुरुवात, तुकडा आहे तसाच ठेवायचा, कड आत दुमडायची आणि धावदोरा घालत आत आत यायचं. टेप नाही, खडू नाही. माझे शंभर चौकोन कापताना जेवढी कतरण वाया गेली तेवढ्यात त्यांची अर्धी वाकळ झाली असती.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी चढतंय म्हटल्यावर आम्ही मशीनची डोकी सोडवली, मोटर काढली, इस्त्री, कात्र्या, सगळं वरच्या मजल्यावर नेलं. पोती तशीच ठेवली. चिंध्याच तर आहेत, असं मीच म्हटलं होतं, माझ्याच तोंडानं. आठवड्यानं शटर उघडलं तर गाळ्यात चिखल आणि त्यात सगळं एक झालेलं, खणाचा लाल उतरून पांढऱ्या सुतीवर, निळा पिवळ्यावर, आणि तो वास. मशीन परत घेता येतं हो, हप्त्यानं का होईना. पण एखादीच्या आजीच्या इरकलीचा तुकडा कुठनं आणणार. नऊ पोत्यांतली सात आम्ही टाकली, दोन उकळून उकळून धुतली, त्यांचा रंग आजही चहासारखा आहे आणि त्या आतल्या थरात वापरल्या. तेव्हापासनं दुकानात आलेला प्रत्येक सुती तुकडा आधी धुतला जातो. गडद असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं, फडक्याला रंग लागला तर तो तुकडा फिकट कापडाशेजारी कधीच लावायचा नाही. धुण्यानं हातमागाचं सुती आटायचं ते पण आधीच आटून घेतं, नाहीतर गिऱ्हाईकाच्या पहिल्या धुण्यात पिशवी वेडीवाकडी होते आणि नाव आमचं.

रेशमाचं वेगळं. पैठणीचा किंवा खणाचा तुकडा कापला की कडेचे धागे सुटायला लागतात, त्यामुळं आमच्याकडं आधी मागनं फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं पातळ कापड, चिकटवायचं आणि मगच कात्री लावायची, उलट केलं की हातात झालर येते. इस्त्री मंद, वरनं सुती कापड ठेवून, जरीवर गरम इस्त्री थेट टेकवली की जरी मेलीच. सुई रेशमाला ११ नंबर, फोम घातलेल्या बॅगेला १६, तिथं अकराची घातली की तुटते आणि तुकडा उडून डोळ्याशी येतो. नवीन येणाऱ्या मुलींना मी मशीन शिकवायच्या आधी हे शिकवते.

लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले, सगळ्यांनीच शिवले, आमच्याकडं सुती तुकडे होते म्हणून आठ बायकांचा पगार निघाला. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

खरी परीक्षा झाली ती एका मोठ्या ऑर्डरीत. संक्रांतीपासनं रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि वाणासाठी बटव्यांची मागणी असते, तशी एका संस्थेची ३०० बटव्यांची ऑर्डर आली. नमुना दाखवला, हिरवा खण, आवडला. आम्ही दिवसरात्र बसून ३०० केले, प्रत्येक वेगळा, एकाहून एक सुंदर, मी तर मनात म्हणत होते बायकांच्यात निवडायला भांडणं होणार. आणि त्यांनी १८० परत केले. का तर नमुन्यासारखे नाहीत. मला राग आला, खूप आला, पण गाडीत बसल्यावर विचार केला तर त्यांचं पण खोटं नव्हतं, एकीला हिरवा आणि दुसरीला करडा दिला तर दुसरी रुसणारच. तुकड्यांत ३०० सारखे कुठनं येणार, हे ऑर्डर घेताना मी बोलायला पाहिजे होतं.

त्यानंतर आम्ही एक केलं. माप एकच, अस्तर एकाच थानाचं, दोरी आणि मणी एकच, आणि फक्त दर्शनी तुकडा वेगळा. ढीग मांडला की एका घरातल्या बहिणींसारखे दिसतात, वेगळे पण एकमेकांचे. नमुना म्हणून एक कधीच पाठवत नाही, दहा पाठवते. अस्तर विकत घ्यावं लागतं त्यामुळं खर्च वाढला, पण तेव्हापासनं माल परत आलेला नाही.

आणि आता आमच्यात सगळ्यात जास्त कौतुकाचं काम कुठलं असेल तर गवसणीचं, म्हणजे वाद्याला घालायच्या खोळीचं. सांगलीशेजारीच मिरज, तिथली सतार आणि तानपुरा किती जुना आहे ते सांगायला नको, २०२४ मध्ये दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं. एक गाणाऱ्या काकू आल्या, म्हणाल्या बाजारातली रेक्झिनची नको, आईच्या खणाच्या चोळ्या आहेत सहा, त्यातनं तानपुऱ्याला गवसणी करून दे. चोळ्या उसवल्या, कापड काखेत विरलेलं, बाकी घट्ट. पहिली गवसणी मी पिशवीसारखी सरळ शिवली आणि ती भोपळ्यावर चढेचना, वर दांडीजवळ मात्र ढगळ. मग वर्तमानपत्र घेतलं आणि भोपळ्याला गुंडाळून चुण्या पाडल्या, जिथं चुणी आली तिथं पेन्सिलीनं खूण, आणि उलगडल्यावर सहा पाकळ्या दिसल्या. सहा पाकळ्या, सहा चोळ्या! प्रत्येक चोळीची एक पाकळी केली, मधे फोम, आतनं मऊ फ्लॅनेल, आणि विरलेल्या भागावर खालनं दुसरा तुकडा लावून बारीक टाके. काकूंनी गवसणी चढवली आणि काही बोलल्याच नाहीत, नुसता एकेका पाकळीवरनं हात फिरवत ही मंगळागौरीची, ही माझ्या बारशाची असं पुटपुटत होत्या. मी चहा सांगायला बाहेर गेले.

आता वर्षाला पंधरा-वीस गवसण्या होतात, यातनं पैसे फार सुटत नाहीत, वेळ जातो, पण बंद करणार नाही.

घरात असे तुकडे असतील तर घेऊन या, चोळी, फाटका शालू, ब्लाऊजच्या चिंध्या, काही चालेल. सुती असेल तर धुऊन आणा, रेशीम असेल तर आहे तसं आणा. फक्त घरी बसून सारखे चौकोन कापून आणू नका.