तीन इसा आन चार

केजला निम्मी गाडी रिकामी झाली. गाडी स्टँडातून निघाल्यावर मी नेहमीसारखा मागच्या सीटा बघत आलो, तर शेवटून तिसऱ्या सीटखाली खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. वर अर्धी भाकर, गोळ्यांचं पाकीट, आधार कार्डाची झेरॉक्स. त्याखाली ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा. जर्द्याचा वास मारणाऱ्या.

बीड-लातूर एसटी, मी तिचा वाहक, 2024 चा सप्टेंबर सरत आलेला. आमच्याकडे या दिवसांत ऊसतोडीच्या उचलीचा पैसा फिरतो. साखर कारखाने पेटायच्या आधी मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम देतो. मग सहा महिने ती जोडी त्या पैशाची. नोटा बघताच ते डोक्यात आलं नाही, असं म्हणणार नाही.

पण आधी आलं ते दुसरंच. पोरीच्या फीचा हप्ता.

पिशवी घेऊन माझ्या सीटवर बसलो. सात-आठ माणसं, तीही पेंगलेली. ड्रायव्हर आरशातून बघतोय का, ते बघून नोटा मोजल्या. चौसष्ट. बत्तीस हजार. लोखंडी सावरगाव आलं तरी पिशवी मांडीवरच.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. ड्युटीवर जाताना वाहकाने खिशातले स्वतःचे पैसे लिहून द्यायचे असतात. वाटेत तपासणी पथक गाडीत चढलं आणि तिकिटांच्या हिशेबापेक्षा रक्कम जास्त निघाली, तर ती कुठून आली हे सांगता सांगता नाकी नऊ येतात. म्हणजे ती पिशवी जवळ राहिली असती तर मीच अडकलो असतो. त्यामुळे अंबाजोगाईला उतरल्या उतरल्या कंट्रोलरच्या टेबलावर ती ठेवली, त्यात इमान किती आणि चेकिंगची धास्ती किती, याचा हिशेब माझा मलाच आजवर लागलेला नाही.

(पोरगी लॉ करते. तिने नंतर सुनावलं की 1872 च्या करार कायद्यातलं कलम 71 सापडलेली वस्तू घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकतं, आणि मालक शोधता येत असताना ती गिळली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314. माझ्या हातात तर मालकिणीचं आधार होतं!)

कंट्रोलरसाहेब नोंद करत होते, तोवर म्हातारी आलीच. केजहून काळीपिवळीने, मागोमाग. पायात एकच चप्पल. झेरॉक्सवरचा फोटो काळाठिक्कर, पण कपाळावरचं गोंदण जुळलं.

"मोजून घ्या मावशी," साहेब म्हणाले.

तिने खरंच मोजल्या. अंगठ्याला थुंकी लावून, वीस-वीसच्या चळती टेबलावर मांडत. "एक ईस... दोन ईस..." माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला आतून राग येत होता. मी आणून दिले आणि माझ्यासमोरच मोजते? पण तिच्या लेकाची न् सुनेची उचल होती ती, किराणावाल्याचं देणं फेडून उरलेली. मी तिच्या जागी असतो तर चारदा मोजल्या असत्या.

"तीन इसा आन चार. बराबर हाय."

रजिस्टरवर अंगठा उठवला. साहेब मला म्हणाले, "मास्तर, मानलं तुम्हाला." ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी निघालो, तर म्हातारीने हात धरला. आभार मानेल असं वाटलं.

"लेकरा, म्या समदे गांधीबाबा वर तोंड करून लावले व्हते. आता उलटेसुलटे झालेत. किती येळा मोजल्यास?"

"एकदाच, मावशी. मोजाव्याच लागतात, नियम आहे."

तिने हात सोडला आणि टेबलाशी बसून एकेक नोट सरळ करायला लागली.

तीनदा मोजल्या होत्या.